तिसऱ्या मजल्यावरील रडण्याच्या आवाजाबाबत

जबाब, दि. १० फेब्रुवारी २०२५

मी माधव विनायक पटवर्धन, वय ७१, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, सोसायटीचा सचिव, रा. दुसरा मजला, बिबवेवाडी, पुणे. कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की,

माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये नम्रता व केयूर हे दोघे भाड्याने राहतात. शनिवारी दुपारी चार वाजता तिथून बाईच्या मोठ्याने रडण्याचा आवाज आला. मधूनमधून ठोके पडत होते. कोणी गेले असे समजून मी शववाहिनी बोलावली व सभासदांना कळवले. शेजारच्या तेजस्विनीबाई तुळशीपत्र घेऊन आल्या. बेल वाजवल्यावर नम्रता यांनी दार उघडले. गळ्यात हेडफोन होता. त्यांनीच विचारले, "कोण गेलं, काका?"

"खात्री करून बोलवत जा, आजोबा," असे शववाहिनीच्या चालकाने सर्वांसमक्ष सुनावले. त्या रागात मी येथे येऊन गोंगाटाची तक्रार दिली. तक्रार राहिली तर महिनाअखेर फ्लॅट सोडा, असे घरमालकांनी दोघांना सांगितले.

रविवारी सकाळी दोघे माफी मागायला आले. नम्रता म्हणाल्या, "आमच्या वणीकडे मयतावर बाया अशा गातात. माझी आजी गोदाबाई गायची. केयूर त्याखाली इलेक्ट्रॉनिक बीट टाकतो. पण गेलेल्या माणसाचं नाव त्यात घ्यावं लागतं. आम्हाला नावच नाही, म्हणून गाणं अर्धं राहतंय."

माझी पत्नी सुहासिनी हिचे दीड वर्षापूर्वी निधन झाले. त्या दिवशी दाखला, शववाहिनी, नातेवाइकांना फोन, सर्व मी वेळेत केले. आमच्याकडे मोठ्याने रडत नाहीत. मी नाव सांगितले.

केयूर यांनी लॅपटॉप उघडून ठोके हळू ठेवले. चपला दारात ठेवून अनवाणी कुठं निघालीस, सुहासिनी, असे नम्रता गायल्या. तिच्या चपला अजून माझ्या दारात आहेत. मी रडलो. बरे वाटले.

सबब माझी तक्रार नाही. घरमालकांना तसे लेखी कळवले आहे. येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता गच्चीवर दोघांचा कार्यक्रम ठेवला आहे. फलकावर आधीच सूचना लावली आहे, म्हणजे शववाहिनी कोणी बोलावणार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मी रडलो हे हवालदारांनी अनावश्यक म्हणून गाळले होते. ते माझ्या सांगण्यावरून पुन्हा घातले. आता बरोबर आहे.

सही/-