लग्नाच्या भेटीत बेडूक

नको, नको, कुवाबाराकाका, ती बेडकाची ताटली ठेवा खाली — नवरीलाच द्यायचीय ना? मग ही कोळंबीची न्या. दोघं हिच्यासारखी पाठीत वाकेपर्यंत जोडीनं जगा, असा तिचा अर्थ. नाहीतर ही निळी वेल बघा, कुठं तुटतच नाही — वंश असाच वाढू दे म्हणून. आपल्या आरिता गावात जुनी चिनीमातीची भांडी विकतात सगळे, त्यांवरची चित्रं वाचत कुणी नाही! मी हॉलंडहून शिकून आले ती हेच बदलायला — हसा, हसा, आईपण हसते.

पण तुमचा हात पुन्हा बेडकावरच! अहो, तुमची लेक मियो लग्न होऊन पार होक्काइदोला चाललीय, आणि तिला बेडूक? काएरू! बेडूक म्हणा नाहीतर परत येणं म्हणा, कानाला शब्द एकच. प्रवासाला निघालेल्या माणसाला द्यावा, सुखरूप परतावा म्हणून. नवरीला दिला तर — मुलगी माहेरी परत! व्याही ताटलीसकट हाकलतील तुम्हाला. लग्नघरात तो शब्द उच्चारतसुद्धा नाहीत, हे मी सांगायचं तुम्हाला?

बदकांची जोडी? ती तर मुळीच नको. त्यातला नर दरवर्षी नवी मादी धरतो, खरंच! माझ्या लग्नात आईनं तीच पाठवली होती, टपालानं — म्हणजे... गेलं तोंडातून. गावाला वाटतं मी तिकडं नुसती शिकत होते. असू दे. सगळं बिनसल्यावर मी रोज आईला फोन करायची, आणि ती बिचारी ‘परत ये’ काही म्हणेना — अशुभ ना! नुसतं विचारायची, जेवलीस का, तिकडं तांदूळ बरा मिळतो का — आणि मी फोन कानाला लावून त्या एका शब्दाची वाट बघत बसायची. शेवटी न बोलावताच आले.

काका? तरी बेडूकच उचललात — अच्छा. म्हणजे तुम्हाला बेडकाचा अर्थ माहीत आहे. आत आलात तेव्हापासूनच माहीत होता.

द्या इकडं. कागद दुहेरी लावते, वर कोळंबीचीही ठेवते — व्याह्यांना ती दाखवा. बेडूक मियोच्या हातात द्या, पण मुकाट्यानं देऊ नका हं! तोंडानं म्हणा तो शब्द, तिला ऐकू जाईल असा. — आई आली वाटतं. निघा, निघा, मागच्या दारानं!