फुगडीला दोघं लागत्यात

(पोलीस ठाण्यातलं लाकडी टेबल. एका बाजूला हवालदार जोतीराम, समोर तानाबाई आणि क्रांती. सकाळचे अकरा.)

तानाबाई : ...तर आमची सासू फुगडीला उभी ऱ्हायली, की आडातलं पानी भवऱ्यागत वर याचं. एकदा तिच्या फुगडीच्या वाऱ्यानं आमची म्हस उचलली, ती थेट गडहिंग्लजच्या एस्टीच्या टपावर. कंडक्टरनं हाफ तिकीट फाडलं तिचं.

जोतीराम : आजी, जबाब हाय ह्यो. तुमच्या नादानं म्हस बी लिवली मी. आज ठाण्याच्या गेटासमोर काय केलासा, तेवढं सांगा.

तानाबाई : तेच सांगतोय की. फुगडी घातली.

जोतीराम : जमावबंदी चालू हाय. पाच मान्सं जमली की गुन्हा.

क्रांती : माहीत आहे, हवालदार. म्हणून चौघीच आलो. मी, या तानाबाई, आणि बाहेर बाकावर बसल्यात त्या मुरगूडच्या सीताबाई आणि निशिगंधा. वकिलांना विचारून, मोजून आलोय.

जोतीराम : चारच? मग काय केस होत न्हाई, ताई. बरं झालं. चार लिवतो, सही करा, च्या घ्या आनि घरला जावा.

तानाबाई : चार कशाला? आठ होतो.

क्रांती : आजी, गप्प बसा जरा.

तानाबाई : का म्हनून? जोतीराम, तुझी आई घालत्या का न्हाई रं फुगडी?

जोतीराम : पंचमीला घालत्या की.

तानाबाई : एकटीच?

जोतीराम : एकटी कशी घालंल? हात धराय समोर कोन तरी नको? मागं रेलली की पाठ मोडंल.

तानाबाई : मग लिव्ह की. तू गेटावरच हुतास. ही क्रांती कशी उभी ऱ्हायली? पाय जुळवलं, हाताची फुली केली, मोकळ्या हवेत. आनि रेलली मागं. केस भुईला टेकायचं ऱ्हायलं हुतं नुसतं. किती फेरं झालं?

जोतीराम : मोजलं न्हाई मी.

तानाबाई : मोजलास.

जोतीराम : एकवीस.

तानाबाई : पडली?

जोतीराम : न्हाई.

तानाबाई : मग कुनी धरलंतं तिला?

जोतीराम : ...ताई, खरं सांगा. दोरी बिरी बांधलीती काय? माझ्या हातातला च्या गार झाला. रस्त्यावरची रिक्षा थांबली. मी असलं कवा बघितलं न्हाई.

क्रांती : दोरी कुठली. आठ दिवस एकटीनं सराव केला, रोज पडले. हे बघा कोपर. आज नुसती जागच्या जागी गिरकी घ्यायची, असं ठरलं होतं. हात पुढं केले आणि समोरून ओढ लागली. माझा भाऊ, पृथ्वीराज, लहानपणी फुगडी घालताना डावा हात जास्त घट्ट धरायचा. तसाच. मलाही कळलेलं नाही, हवालदार.

तानाबाई : ऐकलास? लिव्ह. क्रांतीसमोर पृथ्वीराज. सीताबाईसमोर तिचा नवरा पिराजी. निशिगंधासमोर तिचा भाऊ अमरसिंह. माझ्यासमोर माझा नातू सयाजी.

जोतीराम : ते कसं लिवू? ते इथं न्हाईत.

तानाबाई : कुठं हाईत मग?

जोतीराम : मला काय म्हाईत, आजी.

तानाबाई : डोंगर फोडू नका म्हनून खाणीवर मोर्चा काढला चौघांनी. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातली मान्सं आली, चौकशी हाय म्हनली, जीपमधनं घेऊन गेली. चौदा म्हयनं झालं. सात येळा ह्याच टेबलापुढं आलो. आमी आनलंच न्हाईत, म्हनं तुमचं सायेब. एक वळ लिवून घेतली न्हाई कुनी. आज पयल्यांदा तुझं पेन चालू झालंय.

क्रांती : आजी, आठ लिहिलं की जमाव होतो. आपल्यावर केस बसते. वर्षानुवर्षं कोर्टात जायचं. तुमचे गुडघे कसे आहेत, बघा.

तानाबाई : गुडघ्याचं बघून घेतो मी. कोर्टात नावं पुकारत्यात का न्हाई?

क्रांती : पुकारतात.

तानाबाई : मग सयाजीचं बी पुकारतील. त्यो उठला न्हाई की जज्जसायेब इचारंल, कुठं हाय ह्यो. आपल्याला कोन इचारू देत न्हाई. त्यानं तर इचारू दे.

क्रांती : ...मी एवढे कायदे वाचले. हे सुचलं नाही मला.

तानाबाई : थापा माराय शिकली न्हाईस, म्हनून.

क्रांती : लिहा, हवालदार. आठ जण होतो.

जोतीराम : साहेब फाडून खातील मला.

तानाबाई : वर म्हस लिवल्यास न्हवं? तिच्या खालीच लिव्ह. साहेब वरडला तर म्हन, म्हातारी खुळी हाय, सांगंल ते लिवलं. पर तू काय बघितलास, ते तुला म्हाईत हाय.

जोतीराम : ...पयलं नाव सांगा.

तानाबाई : सयाजी.

जोतीराम : वय? गेला तवाचं लिवू का आजचं?

तानाबाई : आजचं लिव्ह. पंचवीस.