मूळचं नाव

इंदापूर स्टँडवर भवानीनगरच्या गाडीची वाट बघत माझ्या शेजारी एक आजी बसली होती. कृषी कॉलेजात शिकणारी तिची नात तावातावानं बोलत होती.

"तोंडी परीक्षेत मार्क कापले, आजे! द्राक्षावर पांढरी भुरी पडती ना, तिचं शास्त्रीय नाव विचारलं. मी एरिसिफे म्हणाले."

"मग चुकलं व्हय?"

"चुकलं कुठं? जुन्या पुस्तकात अनसिन्युला हाय. त्या बुरशीच्या बारक्या फळांना हुकासारखे वाकडे आकडे दिसले, म्हणून तिचं कूळ येगळं धरलेलं. डीएनए तपासल्यावर कळलं, ती एरिसिफेच्याच कुळातली. आकड्याचं काय, भाऊबंदांत कुणाचे राहिले, कुणाचे गळाले."

"हे त्या मास्तराला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं की! तर हसून म्हणतो, नवं नाव राहू दे, मूळचं सांग."

"आसं म्हनला?"

"व्हय."

"मुडदा बशिवला मेल्याचा! माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवा मी पाळण्यात हुते. आन् परवा लग्नात शेजारी जेवणारी बाई मला इचारती, बौद्ध ते कळलं, पर मूळच्या कोण?"

"अगं आजे, सरांनी भुरीचं विचारलं."

"इचारताना बगत कुनाकडं हुता?"

"…गाडी लागली. ऊठ."

"लागू दे गाडी. बगत कुनाकडं हुता?"