पाण्याकडे पाठ

— नाही, तो कप तसा खाली ठेवू नकोस, फवाज. आधी पी. कॉफी न पिता कप जमिनीवर ठेवणाऱ्या पाहुण्याचं काहीतरी मागणं असतं, एवढं या म्हातारीला कळतं, आणि तुझं मागणं काय तेही कळतं. बहिणीला न्यायला आलायस. ने की. पोटची पोर गेल्यावर बाईनं माहेरी जाऊन रडायचं, त्यासाठी सासूला काय विचारायचं. जवाहिर वर आहे, बॅग भरून ठेवलीय, मीच भरली — तिला भरता येईना. जूदचा एक फ्रॉक घेऊन बसली होती, घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची. शेवटी मीच म्हटलं, सरक. तर बहीण तुला मिळेल. मग अजून बसून का आहेस? माझ्याकडून आणखी काय पाहिजे?

शुक्रवारचं? पुन्हा? अरे, तीन दिवस दुखवट्याला आलेल्या प्रत्येक बाईला तेच सांगितलंय मी. तुझ्या आईलाही सांगितलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही ती गोष्ट वेगळी. तू पुरुषांत बसला होतास, माझ्या मुलाच्या तोंडून ऐकलंस. काय म्हणाला मुसाइद? "मी पोर बायकोच्या ताब्यात दिली आणि ती विसरली" — असंच ना? आणि जवाहिर? तीही तेच म्हणते. म्हणजे म्हणत नाही, कुणी म्हटलं की मान हलवते. मग नवराबायकोचं एकमत आहे तर तुला मध्ये काय शोधायचंय?

बरं, ऐक. शुक्रवारी सगळं गोत इथे असतं, तुला ठाऊक आहे. पोहायचा हौद दुपारभर बायकामुलांचा, दिवस कलल्यावर असरच्या नमाजानंतर पुरुषांचा. हौदाला कुंपण नव्हतं असं कुणी म्हणू नये. होतं. जवाहिरनंच हट्ट धरून घालून घेतलं, जूद रांगायला लागली तेव्हा. मुसाइद म्हणाला, अंगणात उंट पाळायचेत का — सगळे हसले, मीही हसले — पण घातलं त्यानं. कुंपणाच्या फाटकाला खटका उंचावर, लहान हात पोचू नये असा. पण शुक्रवारी माणसांची ही वर्दळ, भाताची ताटं इकडून तिकडे चाललेली, दरवेळी खटका कोण काढत बसणार, म्हणून कुणीतरी बाटल्यांचं खोकं लावून ते उघडंच ठेवलं. कुणी? मला काय माहीत कुणी. ज्याचे हात ताटात अडकले होते त्यानं, आणखी कुणी.

खेळून झाल्यावर जवाहिरनं पोरीला पाण्यातून काढलं. दंडावरचे फुगे काढले, पुसलं, कोरडे कपडे घातले, त्या वाजणाऱ्या चपला घातल्या — पाऊल टाकलं की चीं चीं करतात त्या, तूच आणल्या होत्यास ना रियाधहून? हो, तूच — आणि मला म्हणाली, आई, मी नमाजाआधी हातपाय धुऊन, वुजू करून येते, हिला बघा जरा. बघितलं की मी. या गुडघ्यांनी तिला उचलून मधल्या दारापर्यंत नेलं आणि मुसाइदला हाक मारली, घे बाबा तुझी लेक, आम्हाला नमाजाला उभं राहायचंय. त्यानं घेतली. मांडीवर बसवून खजूर भरवायला लागला. मी आत आले. झालं. मग नमाज, आणि मग तुझ्या बहिणीची किंकाळी, ती मात्र पार रस्त्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात.

— मधलं? मधलं काही नाही.

हो, त्यानं घेतली. मी म्हटलं का असं? बरं, म्हटलं. मग त्यानंच परत आणून दिली असणार. अजान झाली, पुरुषांना मशिदीत जायचं, कडेवर पोर घेऊन कुठे जाईल तो? पोर आईकडे सोडायची, यात काय गुन्हा झाला? हे बघ, माझा मुलगा आहे, पण वाईट नाही. स्वतःचा चहा कधी ओतून घेतला नाही त्यानं, ते पाप माझं, चारी बहिणींना त्याच्या मागेपुढे नाचवलं मी — पण लेकीला खेळवायचा. किती बाप खेळवतात? हौदाच्या अंगणातून काचेच्या दारापर्यंत आला, तिला उंबऱ्यावर ठेवलं, "जवाहिर, जूदला सोडतोय, बघ गं" म्हणाला आणि गेला. एवढंच.

— मला कसं माहीत?

त्यानं सांगितलं असेल. किंवा त्यानं नाही... कुणीतरी. असं बघू नकोस माझ्याकडे, फवाज. आईच्या वयाची आहे मी तुझ्या.

आम्ही सगळ्या ओळीत होतो रे. मक्केकडे, किब्ल्याकडे तोंड, पाण्याकडे पाठ. जवाहिर पार पलीकडच्या टोकाला, सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं, डोक्यावर तो एसी घरघरत होता. तिच्या कानावर काही गेलं नाही, जाणं शक्यच नव्हतं. माझी खुर्ची मागे, दाराजवळ — मला वाकता येत नाही, बसूनच पढते — मला आलं ऐकू. आणि नमाजातलं माणूस ओ देत नाही हे मुसाइदला लहानपणापासून ठाऊक आहे, मीच शिकवलंय. ओ आली नाही, म्हणजे नमाजात आहे. नमाजात आहे, म्हणजे घरात आहे. घरात आहे, म्हणजे पोरीवर लक्ष आहे. असा विचार केला असेल त्यानं. केला असेल कशाला, मीही तोच केला असता. सगळ्या पाठी त्याच्याकडे, आणि त्या पाठींच्या भरवशावर पोर ठेवून गेला.

नमाज मोडता येते. ते तू मला सांगू नकोस. साप निघाला तर मोडता येते, पोर विहिरीकडे निघालं तर मोडायलाच हवी, मशिदीतल्या कुठल्याही शेखला विचार. पण मला दिसत कुठे होतं? ऐकू येत होतं नुसतं. चीं, चीं. मला वाटलं आत येतेय. येईल, बिलगेल, नेहमीसारखी माझी चादर ओढेल. तोंडानं आयत म्हणत होते आणि पाठीनं तिची वाट बघत होते. तर आवाज लांब गेला. लांब जाऊन थांबला. म्हटलं, बसली असेल खेळत. नमाज संपवताना मी दोन्ही खांद्यांकडे सलाम फेरला, सावकाश, बोटांवर अल्लाहचं नाव मोजत तस्बीहसुद्धा पुरी केली —

नको, पाणी नको मला.

आजवर का नाही बोललात, म्हणतोस. कुणाशी बोलू? मुसाइद घरात झोपत नाही, गाडीत झोपतो. जेवण नेलं तर काच खाली करत नाही. बायकोवर धरलेला राग आहे म्हणून तो उभा तरी आहे, तो काढून घेतला तर त्याच्यापाशी काय उरतं? एकच मुलगा आहे मला. आणि जवाहिरला काय, तिला माहेर आहे, आई आहे, तू आहेस, तरुण आहे, अल्लाह पुन्हा पदरात घालेल — असं मी मनाशी म्हणत होते. रोज म्हणत होते. ऐकायला कसं वाटतं तुला? हो. मलाही तसंच वाटतं.

— काय म्हणालास? काय म्हणाली ती तुला? नीट सांग. "मला त्याचा आवाज आठवतो"? असं म्हणाली? जवाहिर? अरे, तिनं ऐकलाच नाही तो. आठवेल कुठून? "त्यानं सांगितलं, मी हो म्हटलं, आणि विसरले" — हो म्हटलं, असंसुद्धा म्हणाली? सजद्यात होती ती, फवाज. हो कशी म्हणेल? आम्हीच इतक्यांदा तिच्यासमोर बोललो की तिला आता आठवायला लागलं. जे झालंच नाही ते आठवतंय पोरीला. आणि हे घेऊन ती जन्मभर... आणि मी खाली बसून दुखवट्याच्या बायकांना खजूर वाटतेय.

ऊठ. तू नाही सांगायचंस. तुझं तिला खरं वाटणार नाही, भाऊ समजूत घालतोय म्हणेल. मीच सांगते. जिना चढेन मी, धरू नकोस, कठडा आहे. तू बाहेर जा, रस्त्यावर. मुसाइद इतक्यात मशिदीतून येईल, त्याला आत येऊ देऊ नकोस. काहीही कर, गाडी आडवी घाल, त्याच्या गळ्यात पडून रड, पण मी खाली येईपर्यंत अडव. तो समोर आला की माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, मी ओळखते मला. त्याचं त्याला नंतर सांगू, कसं सांगायचं ते अल्लाह जाणे. आधी ती. — अजून इथेच? जा ना, बाबा. जा.