कोजागिरी आमच्याच लॉनवर

हॅलो?… हो, नलिनीताई, शोभाच बोलतेय. जरा मोठ्यानं बोला, फोन स्पीकरवर टाकून पायरीवर ठेवलाय. दोन्ही हात काळे झालेत माझे.

नाही हो… नाही झालं अजून चालू. गवत कापायचं मशीन, दुसरं काय! सकाळपासून दोरी ओढतोय, जागची हलेल तर शपथ.

तुमच्या गच्चीवर? कशाला? ठरलंय ना आमच्या लॉनवर?… हो, आहे गवत पोटरीपर्यंत. पाऊस दसऱ्यापर्यंत ठाण मांडून बसला, त्याला मी काय करू?… मुलंबाळं, साप-किरडू… मान्य. म्हणून तर कापतेय ना!

काय? मेसेज लिहून झाला? आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर?… थांबा, थांबा, पाठवू नका! माझी शपथ आहे तुम्हाला.

ऐका ना… जानेवारीत हे रिटायर होतायत. सरकारी बंगला, सोडावाच लागणार. इतकी वर्षं लॉनची ही दूब मी हातानं लावली, जपली, आणि मंडळाचा एकही कार्यक्रम इथे झाला नाही. दरवर्षी तुमचीच गच्ची, तुमच्याच पाण्याच्या टाक्या… रागावू नका, पण वाईट वाटतं हो मला. जायच्या आधी एकदा तरी आपली माणसं इथे आलेली बघायचीयत.

पाच मिनिटं. फक्त पाच. फोन ठेवू नका! तुम्ही ठेवलात की पाठवाल, ओळखते मी तुम्हाला.

मेकॅनिक? केला ना गोविंदपुऱ्याला फोन. "भाभीजी, आज तो संडे है, कल देखेंगे." उद्या देखके काय करू? चंद्र थांबणारे का याच्यासाठी?

हो, पात्याखाली बघितलं… प्लगची टोपी काढूनच हात घातला, घाबरू नका. गवताची काडी अडकलेली नाही. अहो, तुम्ही ओढू नका आता, कंबर धरेल!… नाही ताई, यांना म्हणतेय.

गेल्या आठवड्यात चालू करून बघितलं, तेव्हा तर ठणठणीत होतं. मधे झालं काय? नवमी, दसरा…

अगंबाई! ताई, खंडेनवमी! यांनी पूजा केली ना मशीनची! स्कूटर, पाने-पकडी आणि हे. झेंडू अजून लोंबतोय बघा. आमच्या इंजिनियरांचं शस्त्र म्हणजे हेच! अहो… पूजेआधी धुतलंत ना, तेव्हा आडवं कुठल्या अंगावर पाडलंत?

ऐकलंत ताई? म्हणतायत, "आंघोळ घालायची तर कुशीवर नको का वळवायला?" एअर फिल्टरच्या अंगावर पाडलं! आणि रात्रभर तसंच निथळत ठेवलं म्हणे!

थांबा, झाकण काढते… बघा! फिल्टरचा स्पंज तेलानं ओथंबलाय. अहो, इंजिनातलं तेल वाहून सिलिंडरमध्ये शिरलं. पिस्टन सरकणार कसा? तेल काही दाबलं जात नाही, म्हणून दोरी अडते!

मला कसं कळतं म्हणजे? हे पेपर वाचत बसतात तेव्हा मशीन कोण चालवतं?

प्लगच काढते… अहो, पाना! तो नाही, नळीवाला!… निघाला. आता दोरी हळूच… बाजूला व्हा, अहो, बाजूला व्हा—

ईऽऽ! ताई, पिचकारी! थेट यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर!… हसा, हसा. मीही हसतेय. पण दोरी आली हो! अलगद आली!

अजून दोनचारदा ओढते, सगळं बाहेर पडू दे… प्लग पुसला… स्पंज पिळला… तेल थोडं वरून घातलं… प्लग बसला, टोपी बसली.

ग्रुपवर कोण विचारतंय? विश्वनाथकाका? कुठे यायचं म्हणून? अजिबात सांगू नका! बोट बाजूला करा ताई!

गणपती बाप्पा… नाही… पुन्हा… खोकलं! ऐकलंत, खोकलं!… चल रे राजा…

ताई! ताईऽऽ! ऐकू येतंय का? चालू झालं! चालू झालं हो! तुम्ही बोलताय ते मला काही… काय? धूर? होऽऽ, पांढराफेक! तेल जळतंय, जाईल तो! मेसेज खोडला? ओरडून सांगा! खोडला?… जियो नलिनीताई!

रडतेय, हो, रडतेय! आनंदानं! त्यात काय लपवायचं?

लिहा आता दुसरा. शोभाकडे म्हणून लिहा, ठळक लिहा!… अहो, हँडल सोडा! झब्बा बदला जा, पहिली फेरी माझी!… ताई, ठेवते. दुधाचं पातेलं घेऊन लवकर या. आणि सतरंज्या-खुर्च्या काही आणू नका, ऐकलंत? सगळ्यांना खाली बसवणार आहे मी. माझ्या गवतावर!