फिरंग्याची बंदूक मिळणेबाबत

विषय : कोटाच्या दिवशी फिरंग्याच्या हाती देण्यासाठी, अस्सल दिसणारी व निर्धोक अशी चकमकीची नक्कल बंदूक वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : देवाचा उजवा कौल.

हसू नका. संदर्भ खरोखर तोच होता, पण संदर्भाला जावक क्रमांक लागतो आणि आमचा देव जावक क्रमांक देत नाही, म्हणून मी 'ग्रामस्थांची सभा' असं लिहिलं… आणि सगळी नोकरी कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात घालवलेल्या माणसावर निवृत्तीनंतर स्वतः अर्ज लिहायची वेळ आली, तीही कशासाठी, तर बंदुकीसाठी! तुम्हाला सांगतो, मला साधी पिचकारी उडवता येत नाही.

आमच्या खाडीच्या तोंडाशी लहानसा कोट आहे. मालवणला येणारे पाहुणे तो बघायला येत नाहीत, कारण त्यांना तो दिसतच नाही, करवंदीच्या जाळीत गेलाय. पण कोटाच्या शिपायांनी एकदा फिरंग्यांचं गलबत परतवून लावलं असं आमचा गाव मानतो, आणि वर्षातून एकदा, कोटाच्या दिवशी, ती लढाई आम्ही करून दाखवतो. शिपायांच्या हाती तोड्याच्या बंदुका, म्हणजे जळती वात लावायच्या, आणि फिरंग्याच्या हाती चकमकीची, म्हणजे गारगोटी आपटून ठिणगी पाडणारी. सगळ्या लाकडाच्या. आवाजाला तटामागे सुतळी बॉम्ब. गेल्या खेपेला बॉम्बची वात दमट निघाली. फिरंग्याने चाप ओढला, आमचा शिपाई छाती धरून पडला, तळमळला, प्राण सोडला, लोकांनी हळहळ केली… आणि मग आवाज झाला. मेलेला शिपाई दचकून उठून बसला. तो व्हिडिओ पार कसालपासून वालावलपर्यंत फिरला.

झालं. गावाची अब्रू गेली. सभेत ठरलं, यंदा बंदूक खरी हवी. मी विचारलं, खरी म्हणजे? तर म्हणे खरी, पण खरी नको. अस्सल दिसली पाहिजे, धूर निघाला पाहिजे, आवाज झाला पाहिजे, पण इजा होता कामा नये. मी म्हटलं, असं फक्त सरकारी आश्वासन असतं.

या फिरंग्याचं काम करतो आमचा सुदेश. उंच पोरगा, होडीवर जातो, आणि डोळे घारे, म्हणून तो फिरंगी. दुसरं कारण नाही. त्याने मोबाइलवर बंदूक शोधून काढली, दूर उत्तरेकडच्या कुठल्या दुकानातली. पितळेची नक्षी, गारगोटी धरणारा घोडा, लांब नळी, अगदी चित्रातली. मी त्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साहब, एकदम असली नकल है." मी विचारलं, उडते का? तर म्हणाला, उडत नाही, भिंतीवर टांगायची आहे, नळीला कानच पाडलेला नाही… कान म्हणजे ठिणगी आतल्या दारूपर्यंत जायचं भोक… पण तुम्ही पाडून घ्या की, चल जाएगी!

चल जाएगी. कुठे चल जाएगी, ते मला विचारा. मी या विषयावर जे मिळेल ते वाचून काढलं, रिकामा माणूस दुसरं काय करणार? शोभेची नळी म्हणजे वाकवून सांधलेला पत्रा. तिच्यात नुसती दारू भरली, गोळी न घालता, तरी ती फुटू शकते, आणि फुटली तर चाप ओढणाऱ्याच्या गालाशी फुटते. चांगली नक्कल करणारे कारखाने नळी आधी दुप्पट दारूने उडवून बघतात, मगच दाखला देतात. तेवढ्यावरही भागत नाही. चकमकीच्या बंदुकीत कानाशी जी रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, भरतात, तिचा भडका डोळ्यापासून वीतभर अंतरावर उडतो. हे सगळं मी सभेत वाचून दाखवलं. सभेने शांतपणे ऐकलं आणि सुदेश म्हणाला की कुडाळचा वेल्डिंगवाला भोक पाडून देतोय. बंदूक खरी हवी ना? पण खरी नको ना? मग हीच.

आता सुदेशचा काका तुकाराम. याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. माकडं हाकायला बापाची ठासणीची बंदूक घेऊन काजूच्या बागेत गेला, पहिला बार उडाला नाही असं वाटून वर दुसरा ठासला, आणि दोन्ही एकदम उडाले. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तुकाराम उभा राहिला, उरलेली बोटं वर केली आणि म्हणाला, "आवाज होयोच. चूक माझी होती, बंदुकेची नाय."

यापुढे कोण काय बोलणार? मी बोललो. मग दुसरे बोलले. मग ठरलं की देवाला विचारू.

आमच्याकडे असं आहे, माणसांचं जमलं नाही की देवाला कौल लावायचा. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची आधी पडली तर होकार. पण प्रश्न कोणी घातला? तुकारामाने! "बंदूक होयी तर उजवो दी, लाकूड होया तर डावो दी." अहो, हा काय प्रश्नाचा मसुदा झाला? कसली बंदूक, कुठली नळी, कान कोण पाडणार, काही तपशील नको? देवापुढे अर्धवट टिपणी ठेवलीत तर तो बापडा सही करूनच मोकळा होणार. उजवी पाकळी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

देवळाच्या पायरीवर प्रेमलता थांबली होती, सुदेशची आई. मासळी विकून आली होती, पाटी बाजूला ठेवलेली. इतकी वर्षं तिच्याकडून मासळी घेतो, ती कधी हळू बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी हळू बोलली. "भाऊनू, तेचे डोळे घारे म्हणान तेका फिरंगी केलास. माझा कायएक म्हणणा नाय. पण ते डोळे माका तसेच परत होये."

देव होकार देऊन बसलेला. त्याच्यावर अपील कुठे करायचं?

मी सभेला सांगितलं, कौल आपल्याला मान्य आहे, बंदूक येईल, पण भोक पाडलं की ते शस्त्र होतं आणि शस्त्राला सरकारी परवानगी लागते, देवाने परवानगी घेऊ नका असं काही म्हटलेलं नाही. हे सगळ्यांना पटलं. अर्ज कोण लिहिणार? मीच. म्हटलं, असा लिहू की दारातूनच परत येईल. तर तुम्हाला सांगतो, बसलो लिहायला आणि हाताने ऐकलंच नाही! समास आपोआप पडला, सहपत्रं क्रमाने लागली, एक वेलांटी चुकवू म्हटलं तर पेन पुढे सरकेना. आयुष्यात कधी लिहिला नव्हता इतका निर्दोष अर्ज झाला.

जिल्ह्याच्या कचेरीत माझ्या जुन्या टेबलावर आता किशोरी बसते. तिला टिपणी लिहायला मीच शिकवलं. ती उठून उभी राहिली. "भाऊसाहेब, तुम्ही कशाला आलात? तुमचा अर्ज मी थांबवेन का? आजच साहेबांपुढे ठेवते." लोकांचे अर्ज तिथे पिवळे पडतात आणि माझा आज निघतोय! म्हटलं, बाई, काहीतरी त्रुटी काढ. ती म्हणाली, "नाहीच आहे. तुम्ही लिहिलाय ना." मग मी तिला नळीचं सांगितलं, वेल्डिंगवाल्याचं सांगितलं, आणि प्रेमलता काय म्हणाली तेही सांगितलं. तिने अर्ज पुढे ओढला आणि शेरा मारला : नळीची चाचणी झाल्याचा उत्पादकाचा दाखला जोडावा.

सुदेशने माझ्यासमोर दुकानदाराला फोन लावला, दाखला मागितला. तो हसला. "दीवार पे टाँगने की चीज़ है भाई, उसका टेस्ट कौन करता है?" सुदेशने फोन ठेवला. मग म्हणाला, "लाकडाचीच रंगवून घेतंय, भाऊनू."

यंदाही आवाज उशिरा आला. लोक हसले. फिरंगी घाऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत उभा होता.

पण तुकाराम सोडत नाही. कौल मोडला तर गावावर संकट येईल म्हणून तो दर सोमवारी देवळात बंदूक लवकर येऊ दे असं गाऱ्हाणं घालतो. तो गेला की प्रेमलता येते आणि त्याच देवापुढे उलटं गाऱ्हाणं घालते. पाकळी अजून कोणी लावलेली नाही. आणि कचेरीतला अर्ज दाखल्याअभावी प्रलंबित आहे.