काकांच्या काठीचा शेवटचा रविवार

हॅलो?… हां मंजू, मीच. बरं झालं तूच केलास. आता एक कर, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक.

…नाही गं, कोणी आजारी नाही. मासा.

अगं मासा, मासा. कटला. मी पकडला… म्हणजे मी, काका आणि शेवटी रोहित. पण लागला तेव्हा काठी माझ्या हातात होती, हे लक्षात ठेव.

…कुठले काका काय? चिमाजीकाका. आमच्या समोरचे, तोफखान्यातून रिटायर झालेले. तू दिवाळीत आली होतीस तेव्हा नाही का, त्यांच्या हॉलमधे खुंटीला लांब कापडी पिशवी बघून विचारलंस, ही बंदूक आहे का म्हणून?… हां, तेच. ती बंदूक नाही. ती गळाची काठी.

…हो, वेताची. म्हणजे आपण सगळे वेताची म्हणतो आणि काका दर वेळी सांगतात, वेत नाय, बांबू हाय. तो बारीक चिरून सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, वर लाल रेशमाचे वेढे. मधासारखा रंग आहे. त्यांच्या साहेबाच्या वडिलांची म्हणे. साहेबाची बदली झाली तेव्हा काकांना देऊन गेला. काका तिला मेण लावतात, सावलीत वाळवतात, भिंतीला टेकवून ठेवू देत नाहीत, वाकते म्हणून. सिंधूकाकू म्हणतात, माझ्या गुडघ्याला कधी एवढं चोळलं नाही यांनी.

…अगं हो, येते ना तिथेच येते.

तर गंमत अशी की एवढी ती काठी, पण तिनं मोठा मासा कधी काढलाच नाही. काका काढूच देत नाहीत. त्यांच्या शर्टाच्या खिशात दाढीचं पातं असतं, कागदात गुंडाळलेलं. एखादी चिलापी लागली तर ठीक. पण काही मोठं लागलं आणि काठी जास्त वाकायला लागली की पातं बाहेर, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कापला. मासा गेला, काठी वाचली.

…हो, दर वेळी. सवयच. दारणा नदीवर सगळे हसतात त्यांना. बाकीच्यांकडे फायबरच्या काठ्या असतात. काका म्हणतात, ती धरली की नळ दुरुस्त करायला आल्यासारखं वाटतं.

…आलेच गं आई, दोन मिनिटं… मंजूचा आहे… मसाला वाटायचाय, म्हणून ओरडतेय. आमच्याच नाही, अख्ख्या लाइनीत आज कटला आहे. मंगलाबाई तर डबा घेऊन मासा कापायच्या आधीच येऊन बसल्या होत्या.

हां, तर आजचा रविवार शेवटचा होता. काठीचा. रोहितनं तिच्यासाठी काचेची पेटी बनवलीय… रोहित गं, काकांचा मुलगा, सातपूरला कामाला आहे तो. स्वतः बनवली, ॲल्युमिनियमची फ्रेम, आत निळी मखमल. काठी आता फार जुनी झाली, उद्यापासून पेटीत ठेवायची, असं त्यानं ठरवलं आणि काकासुद्धा हो म्हणाले. म्हणून आज सगळी वरात दारणेवर. भगूरच्या पुढे तो डोह आहे ना, तिथे. काकू भाकरी-ठेचा घेऊन, रोहित कॅमेरा घेऊन, आणि मी.

…मी असतेच. किती रविवार जातेय मी शिकायला. आत्तापर्यंत नुसती आमिषाची भाजलेली कणीक आणि पेंड मळायला मिळालीय, ते सोड.

…गप. रोहितचा काही संबंध नाही… मंजू, ठेवू का फोन?… मग? ऐक.

सकाळपासून काहीच नाही. दोन चिलाप्या, त्यापण बोटाएवढ्या. शेवटी काका जेवायला बसले आणि काठी माझ्याकडे दिली. नुसती धर म्हणाले, काय करू नको. मी नुसती धरली. खरंच नुसती. समोर बूच तरंगत होतं. एकदा हललं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग… बूच नाहीच.

…म्हणजे गेलं खाली. दिसेनाच. आणि काठीची ती दोरी गुंडाळायची चरखी सुटली. मिक्सरमधे चमचा पडल्यावर कसा आवाज येतो, तसा. माझे दोन्ही हात असे पुढे गेले ना, की मला वाटलं चप्पल इथे आणि मी डोहात.

…नाही ना सोडली, कशी सोडणार? काका भाकरीचा घास हातात घेऊन पळत आले. आल्याबरोबर त्यांनी बघितलं काय? काठी. ती अशी अर्धी गोल झाली होती. मग मासा एकदा वर आला. मंजू, मी खोटं नाही बोलत, त्याचं नुसतं तोंड आमच्या इडलीपात्राएवढं. पाठ काळी, खवले एवढाले. वळला आणि बाभळीकडे निघाला. डोहात एक बाभूळ पडलेली आहे, तिच्यात घुसला की संपलं, तंगूस गुंततो.

रोहित मागून सारखा सांगतोय, बाबा कापा, बाबा मोडेल ती. काकू म्हणतायत, पोरीला आधी मागे घ्या. आणि काकांनी खिशातून पातं काढलं, कागद सोडवला आणि माझ्यापुढे धरलं.

म्हणाले, “काप.”

…नाही, माझ्यापुढे. मला म्हणाले. मलापण तेच वाटलं ना, यांनी स्वतः का नाही कापायचं? ते माझ्या शेजारीच उभे होते, हात पुढे केला असता तर तंगूस होता. मी म्हटलं, “काका, तुमची आहे, तुम्ही कापा.”

…हात तसाच पुढे. पण मंजू, ते काठीकडे बघतच नव्हते. ते पाण्याकडे बघत होते. एरवी डास बसला तरी त्यांचं लक्ष काठीवर असतं. आणि चेहरा असा… कसं सांगू… जत्रेत पाळणा वर जाताना पोरांचा असतो ना, तसा.

मी पातं घेतलं नाही.

…नाही घेतलं. दोन्ही हातांनी काठी धरून ठेवली. मग आवाज आला. वाळकं लाकूड मोडतं तसा नाही, भेंडी मोडल्यासारखा, बारीक. पुढची वीतभर काडी तंगुसावरून घसरत पाण्यात गेली.

…मोडली ना गं. मोडलीच.

मला रडूच आलं होतं. आणि काकांनी काय केलं? पातं खिशात ठेवलं, खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला, तंगूस धरला आणि बुटांसकट आत. छातीपर्यंत. काकू किनाऱ्यावरून त्यांच्या ब्लडप्रेशरची आठवण करून देतायत, काका आतून मला सांगतायत, चरखी फिरव, फिरव, थांब, आता फिरव. किती वेळ गेला मला नाही माहीत. बाभळीपासून तो इतकासा राहिला होता गं. शेवटी रोहितपण कॅमेरा टाकून पँटसकट उतरला आणि त्यानं माशाला सरळ मिठी मारली.

…नाही, फोटो नाही एकही. कॅमेरा चिखलात.

…अगं मोठा म्हणजे, स्कूटरच्या पायापाशी आडवा ठेवला तर डोकं एका बाजूला, शेपटी दुसऱ्या बाजूला. कॅम्पातल्या बाजारातून आलो तर भाजीवाल्या उठून बघत होत्या. एकीनं काकांना विचारलं, कुणी धरला? काकांनी मागे माझ्याकडे बोट दाखवलं.

…हो ना, मलापण तेव्हा मस्तच वाटलं. पण ऐक ना, पुढचं ऐक.

घरी आल्यावर रोहित माझ्याशी बोलेना. ओल्या कपड्यांत त्या पेटीसमोर उभा. मी सॉरी म्हणाले. तर शांतपणे म्हणाला, “वस्तू बाबांची होती. त्यांनी काप म्हटलं होतं. मोडायची का नाही, हे तू कोण ठरवणारी?”

…चिडून नाही म्हणाला, तेच तर. चिडला असता तर मी भांडले असते. आणि त्याचं काय चुकलं सांग? त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं मला.

…काका? काका ओट्यावर बसलेत. आत्ता खिडकीतून दिसतायत मला. मोडलेली काठी मांडीवर, सगळ्यांना परत परत सांगतायत, तो असा वळला, मग असा गेला. गोटीरामकाका ऐकून गेले, आता चंदर वॉचमनला धरलंय. मधेच मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवतात. मग परत सुरू. मला विचारलं नाही त्यांनी, का नाही कापलंस म्हणून. बरं केलंस, असंही नाही म्हणाले. नुसतं म्हणाले, डोक्याचा तुकडा तुमच्याकडं पाठवलाय, तो तू खायचा.

…हसू नकोस ना. मघापासून माझ्या डोक्यात तेच आहे. आई, आले, आले… मंजू, पटकन सांग, खरं सांग. काठी तुझ्या हातात आहे, काका पातं पुढे करून उभे आहेत, काप म्हणतायत आणि बघतायत पाण्याकडे… तू काय केलं असतंस?